पायांपासून काढलेले नाना

ओनिनासो गावच्या नाक्यावर उभं राहून मान फिरवली, तर जे जे नजरेस पडेल ते अडाई पेंटरच्या हातचं असायचं. न्हाव्याच्या पाटीवरची एकापेक्षा एक देखणी डोकी त्याची. शिंपिणीच्या दारातली उंच मानेची बाई त्याची. दवाखान्याच्या भिंतीवर पोट धरून बसलेला माणूसही त्याचाच. शवपेट्या करणाऱ्या सुताराला त्याने पाटी करून दिली होती, ‘आज मी, उद्या तुम्ही’. अशाने गिऱ्हाईक बिचकतं म्हणून सुतार कुरकुरला, तेव्हा अडाई म्हणाला, “तुझं गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, बाबा.”

त्याच्या दोन खोडी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. पहिली म्हणजे माणूस काढायचा तर पायांपासून. बाकीचे पेंटर आधी चेहरा काढतात आणि मग जागा उरेल तसे हातपाय कोंबतात. अडाई म्हणायचा, “घर छपरापासून बांधता का?” पाय, गुडघे, मांड्यांवरचं वस्त्र असं चढत चढत तो वर जायचा आणि डोळे अगदी शेवटी काढायचा. दुसरी खोड जरा लबाडीची होती. पाटीचा रंग तो टर्पेंटाइन घालून पातळ करायचा, पण खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव मात्र डब्यातल्या घट्ट रंगाने, थरावर थर देऊन लिहायचा. पाटी उन्हाने विटून जायची आणि ‘अडाई आर्ट’ ही अक्षरं वाळल्या लापशीसारखी वर आलेली दिसत राहायची.

या दुसऱ्या खोडीवरून त्याला सगळ्यात जास्त छळलं ते बोआडीने. बोआडी लाकडी हौद्याची लॉरी चालवायचा. कोकोची पोती, केळ्यांचे घड, बाया, बकऱ्या, जे मिळेल ते भरायचा. त्या लॉरीच्या मागच्या फळीवर अडाईने लिहिलं होतं, ‘समुद्र कधी आटत नाही’. तोवर दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. रोज संध्याकाळी फळी वर घालताना बोआडीची बोटं त्या जाड अक्षरांना लागायची आणि तो ओरडायचा, “गिऱ्हाइकाला पाणी आणि स्वतःला साय! लाज वाटते का रे, अडाई?” मग दोघं अडाईच्या घरी एकाच भांड्यातून फुफू, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदाचा मऊ गोळा, खायचे. फुफूचा गोळा कोण मोठा तोडतो यावरून त्यांची जी भांडणं व्हायची, ती ऐकून शेजारच्या बाया हसायच्या.

मग जुने नाना, म्हणजे आमचे राजे, गावाला गेले. आमच्याकडे राजे मरत नाहीत, गावाला जातात. राणीआईने आणि वडीलधाऱ्यांनी नवा माणूस शोधला. गादी आईकडून चालते, आणि बोआडीची आई त्या घरची होती. तो लॉरीखाली आडवा होऊन ऑइल बदलत होता. त्याला पाय धरून ओढून बाहेर काढला, खांद्यावर पांढरी माती फासली आणि नेला. ऑइलचा डबा तिथेच कलंडला होता, तो अडाईने सरळ करून ठेवला.

त्या दिवसापासून बोआडी उरला नाही. नाना झाले. नानांचे पाय उघड्या जमिनीला लागायचे नाहीत. नाना कुणासमोर जेवायचे नाहीत. नाना कुणाशी सरळ बोलायचे नाहीत. जे बोलायचं ते सोन्याच्या मुठीची काठी धरलेल्या ओक्यामेच्या तोंडून बोलायचं. ओक्यामे म्हणजे राजाची जीभ. पुढची कित्येक वर्षं अडाईने आपला मित्र पाहिला तो फक्त छत्रीखाली, लांबून, गर्दीतून. त्याला हे फार लागलं. बायको अफ्राकोमा नाक्यावर केळी भाजायची. ती एकदा म्हणाली, “मास्तर, लोकांचे मित्र मरतात. तुमचा राजा झालाय. रडायचं तरी कसलं?” अडाई म्हणाला, “मेलेल्याच्या कबरीशी बसून बोलता तरी येतं.” तिने एक केळ जरा जास्त भाजून त्याच्या हातात दिलं.

सभेच्या दालनात नानांचं चित्र हवं, नव्या कंदाच्या सुगीच्या सणाला ते लोकांपुढे उघडायचं, असं ठरलं तेव्हा मोठे पंच अमोआको म्हणाले, कुमासी शहरातून फ्लेक्स छापून आणू. सुरकुती नाही, डाग नाही आणि मागे हवा तो धबधबा. नाना ओक्यामेच्या कानाशी वाकले. ओक्यामे प्रेकोने काठी आपटली.

“नाना म्हणतात, सुरकुत्या माझ्या आहेत, मला हव्यात. अडाईला बोलवा.”

अडाई राजवाड्यात गेला. राजवाडा म्हणायचा, पण छप्पर पत्र्याचंच. आतल्या चौकात माणसाच्या उंचीची प्लायवूडची फळी चटईवर उभी करून भिंतीला टेकवली होती. समोर नाना बसले होते आणि नानांच्या शेजारी प्रेको. मध्ये हातभर अंतर. तरी अडाईने राजाचा मान म्हणून खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि प्रेकोकडे पाहून म्हणाला, “ओक्यामे, नानांना विनंती करा, उजवा पाय जरा पुढे घ्यावा.”

प्रेको नानांकडे वळला. “नाना, पेंटर म्हणतो उजवा पाय पुढे.”

नानांनी पुटपुटून काही सांगितलं. प्रेको अडाईकडे वळला. “नाना म्हणतात, हा अजून पायांपासूनच सुरू करतो का?”

“ओक्यामे, नानांना सांगा, होय. म्हातारपणी खोड जात नाही.”

“नाना, पेंटर म्हणतो...”

“ऐकलं मी,” नाना म्हणाले, आणि प्रेकोने ऐकलंच नसल्यासारखं केलं.

असं काम सुरू झालं. पहिले दिवस चपलांत गेले. राजाची चप्पल काही सोपी नसते. जाड तळ, सोन्याचे पट्टे. चप्पल म्हणजेच गादी. ज्याला गादीवरून उतरवायचं, त्याच्या चपला काढून घेतात, पाय मातीला टेकवले की संपलं. अडाई चपला रंगवत होता आणि मनात खूश होता. सरळ बोलणं नसलं म्हणून काय झालं? मित्र हातभर अंतरावर बसला होता.

मग एके सकाळी ऊन सरकलं म्हणून अडाई न बोलता उठला आणि डाव्या बाजूच्या सावलीत जाऊन बसला. नाना त्याच जुन्या जागेकडे पाहत राहिले. अडाईने ब्रश हलवला, नजर हलली नाही. त्याने खाकरल्याबरोबर नानांची मान झटकन वळली आणि डोळे त्याच्या कानाशेजारी येऊन थांबले. माणसाची नजर कुठे जाते ते पाहण्यात अडाईचं आयुष्य गेलं होतं. त्याने ब्रश डब्यात ठेवला.

मग प्रेकोने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटले. “मला झोप लागलीय,” तो म्हणाला. “झोपलेल्या माणसासमोर बोललेलं बोलल्यात जमा नसतं.”

“विचार,” नाना म्हणाले. “प्रेको झोपलाय.”

इतक्या वर्षांनी सरळ आलेला तो आवाज ऐकून अडाई जरा पुढे सरकला. मग तो हळूच म्हणाला, “कधीपासून?”

“धुळीचा कोरडा वारा सुटतो त्या दिवसांत धुरकट व्हायला लागलं. म्हटलं धूळ आहे. वारा गेला, धूळ राहिली. लग्नाचं निमित्त काढून कुमासीला डॉक्टरकडे जाऊन आलो. उशीर झाला म्हणाला.”

“आणि कुणालाच कळलं नाही?”

“कळणार कसं? चालताना दोन्ही कोपरं धरायला माणसं. घास कुणी बघायचा नाही. समोरच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. आपल्या वाडवडिलांनी राजा असा काही बसवलाय, की तो आंधळा आहे की डोळस, कुणाला फरक पडत नाही.” नाना हसले. “प्रेकोला माहीत आहे, राणीआईला माहीत आहे. आता तुला.”

डोळे गेलेल्या माणसाला आमच्याकडे गादीवर ठेवत नाहीत. अमोआकोंचा भाचा वाट बघत होता. अडाई म्हणाला, “सोडून दे ना मग. घरी ये. केळी खाऊ.”

“आलो असतो रे. पण तो भाचा बसला की दुसऱ्या दिवशी नदीकाठचं रान सोनं उकरणाऱ्यांना जाईल. शब्द देऊन बसलाय तो. एक-दोन वर्षं मला रेटायची आहेत, राणीआईच्या थोरल्या नातीचा मुलगा तयार होतोय.” मग त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला. “फ्लेक्सवाला फोटो काढून गेला असता. मला माझं तोंड कोण सांगणार होतं? दोन वर्षं झाली, मी कसा दिसतो मला माहीत नाही. सांग.”

अडाईने नीट पाहिलं. “कान तसेच आहेत. बापाचे. केस म्हणजे कापूस, आणि तोही विरळ. गाल बसलेत. कपाळावर आडव्या रेघा आल्यात. हनुवटीखाली कातडी लोंबतेय, कोंबड्यासारखी.” त्याने रंगाची चिंधी बोटाला गुंडाळली. “म्हातारा झालास, बोआडी.”

ते नाव त्या चौकात उच्चारायचं नव्हतं. अडाईने जीभ चावली. मिटल्या डोळ्यांनी प्रेको म्हणाला, “झोपेत मला काय काय ऐकू येतं. उठल्यावर एक आठवत नाही.”

त्यानंतर प्रेकोला रोज झोप लागू लागली. इतकी, की राणीआईने एकदा आत डोकावून विचारलं, “प्रेको, रात्री घरी काय करतोस?” चित्र गुडघ्यांवरून चढत कंबरेपर्यंत आलं, छातीवर केंते या राजाच्या रंगीत विणीच्या वस्त्राच्या चौकटी भरल्या गेल्या. मधल्या काळात लॉरी, तिचे रुसवे, कोकोच्या पोत्यात सापडलेला साप, अडाईचं पहिलं प्रेम जिने दुसऱ्याशी लग्न केलं, सगळं उकरून झालं. इतकं हसणं त्या चौकाने फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

अमोआकोंना मात्र संशय आला होता. एक दिवस ते अफ्राकोमाकडे केळी घ्यायला आले. मोठ्या पंचांनी स्वतः केळी घ्यायला यावं हेच नवल. “काय, मास्तर? नाना रंग निवडून देतात का?”

“नाना रंग सांगत नाहीत, मी विचारत नाही,” अडाई म्हणाला.

“बरोबर आहे. राजाने बघायचं असतं.” अमोआकोंनी केळ सोललं. “सणाला बघतीलच.”

आणि पुढच्याच सभेत त्यांनी मुद्दा काढला. नव्या घराला, नव्या नगाऱ्याला राजा पांढरी माती लावतो. मग नव्या चित्राच्या कपाळालाही लावावी, आणि तीही ओक्यामेच्या नव्हे, नानांनी स्वतःच्या हाताने. नाही म्हणायला जागाच नव्हती.

“पकडलं मला,” नाना अडाईला म्हणाले. कोपरं धरणारी माणसं फळीपर्यंत आणणार. पण माती लावणारा हात राजाचा एकट्याचा, त्याला कुणी धरायचं नाही. हात हवेत चाचपडला, की सगळ्या गावाला कळेल.

अडाईने डोकं खाजवलं. मग त्याने जे कधी गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं ते केलं. कपाळावरची सोनेरी पट्टी त्याने डब्यातल्या घट्ट पिवळ्या रंगाने काढली, थरावर थर. वाळल्यावर नानांचा हात धरून फळीला लावला. डाव्या कडेपासून आत, छातीच्या उंचीला, जाड पट्टी लागली की तिच्याखाली कपाळ. नानांनी एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा बोटं आपोआप गेली. “गिअर असाच सापडायचा,” ते खुशीत म्हणाले. मग बोटं उगाच खाली फिरली, गुडघ्यांवरून चपलांशी, आणि कोपऱ्यात अडखळली. “हे काय जाड जाड?”

“माझं नाव.”

नाना पोट धरून हसले. “मेल्या, अजून? राजालाही पाणी आणि स्वतःला साय?”

राहिले डोळे. अडाईने ते लांबवत नेले होते. धुरकट, कुठेच न बघणारे डोळे काढले तर घात होता. आणि लॉरी हाकणाऱ्या बोआडीचे टपोरे डोळे काढायला हात धजेना, कारण समोर बसलेल्या माणसाचे ते डोळे नव्हते. तेवढ्यात एक म्हातारी बाहेरच्या चौकात फिर्याद घेऊन आली. शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी तिचं कसाव्याच्या कंदांचं पीक खाल्लं होतं. नाना आतूनच ऐकू लागले. मान जराशी कलली, पापण्या खाली आल्या, आणि सगळा चेहरा त्या म्हातारीच्या शब्दांकडे वळला. अडाई बघत राहिला. डोळे गेल्यापासून हा माणूस असा ऐकायला लागला होता. ब्रश उचलून त्याने ते ऐकणारे डोळे काढले आणि हात धुतले. मग तो प्रेकोला न उठवता घरी गेला.

सणाच्या दिवशी नगारे सकाळपासून घुमत होते. बंदुका उडत होत्या, छत्र्या नाचत होत्या. मोठ्या झाडाखाली पांढऱ्या कापडात झाकलेली फळी उभी होती. अडाई ठेवणीतलं वस्त्र नेसून आला आणि त्याचं लक्ष फळीच्या पायथ्याकडे गेलं. खाली चटई नव्हती. फळी सरळ मातीत टेकली होती. कापडाआड नानांच्या रंगवलेल्या चपला मातीपासून बोटभर वर होत्या.

चित्रातले झाले म्हणून काय, राजाचे पाय मातीला? आणि तेही सणाला, सगळ्या गावापुढे? तो धावला. शाळेतलं मोठं टेबल आणवलं आणि सुताराच्या मदतीने फळी उचलून टेबलावर ठेवली. घाम पुसला. फळी उंच झाली, मागच्या लोकांनाही दिसेल, म्हणून वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

कापड ओढलं गेलं तेव्हा गर्दीतून हुंकार उठला. कसाव्याची फिर्याद घेऊन आलेली म्हातारी शेजारणीला म्हणाली, “माझं ऐकताना अगदी असेच बसले होते गं.” नाना उठले. दोन्ही कोपरं धरून माणसं त्यांना संथपणे पुढे आणू लागली, शेजारी एका पोराच्या हातात पांढऱ्या मातीची वाटी. आणि तेव्हा, फक्त तेव्हा, अडाईला कळलं आपण काय केलंय ते. शिकवलेल्या उंचीला आता कपाळ नव्हतं. कपाळ टेबलाएवढं वर गेलं होतं.

“काय झालं?” अफ्राकोमाने विचारलं. नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“टेबल,” तो म्हणाला. राजाला गर्दीतून ओरडून सांगायची सोय नव्हती. ओरडला असता तरी काय ओरडणार होता?

कोपरं धरणारी माणसं बाजूला झाली. अमोआको दोन पावलं पुढे सरकले. नानांनी बोट मातीत बुडवलं, डावा हात फळीच्या कडेला लावला, कडेवरून आत आणला. कपाळाच्या जागी गुडघा लागला. हात थांबला. नगारे थांबले होते. अडाईला वाटलं, आता आपण मेलो तर बरं. हात खाली गेला, चपलांच्या पट्ट्यांवरून सावकाश सरकला आणि कोपऱ्यात जाऊन स्थिरावला. मग नानांनी पांढरी माती अडाईच्या नावावर लावली. एक बोट नाही, पूर्ण नावावर, अक्षर अन् अक्षर माखत.

कुणाला काय करावं कळेना. नाना प्रेकोच्या कानाशी वाकले. प्रेकोने काठी आपटली.

“नाना म्हणतात, तोंड मला देवाने दिलंय, त्याला माती मी रोज लावतो. आजची माती ज्या हाताने ते तोंड तुमच्यासाठी धरून ठेवलं, त्या हाताला.”

राणीआईने पहिली आरोळी दिली आणि मग बायांनी गाव डोक्यावर घेतलं. कुणीतरी अडाईला पुढे ढकललं. अमोआको नानांच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत होते. त्यांना कळलं की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही. पण ओक्यामेच्या तोंडून आलेला शब्द परत जात नसतो. शेवटी त्यांनीही खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि मान लववली.

सण उलटल्यावर अडाई फळीचे टवके दुरुस्त करायला राजवाड्यात गेला. चित्र दालनात लागलं होतं. नावावरची माती वाळून पांढरी पडली होती. ती त्याने पुसली नाही. प्रेकोला झोप लागल्यावर तो नानांच्या पायाशी बसला. “माझ्यामुळे तुझी गादी गेली असती. प्रेकोच्या जिभेने वाचवलं.”

“माझा एक शब्द नव्हता त्यात,” प्रेको मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. “मी ऐकलं ते मोठ्याने म्हटलं.”

“गुडघा हाताला लागला तेव्हाच कळलं,” नाना म्हणाले. “म्हटलं, कुणीतरी फळी उचललीय. आणि कोण उचलणार? माझे पाय मातीला लागलेले ज्याला बघवणार नाहीत, तोच. टाचा उचलून हात वर नेला असता तर कपाळ सापडलंही असतं, कदाचित. पण खाली तुझं नाव होतं. या गावात आता माझ्या हाताला ओळखू येईल असं दुसरं काय राहिलंय, अडाई?”

अडाई रडला. चांगला हुंदके देऊन रडला, आणि नानांनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

राणीआईने आतून एक भांडं पाठवलं. फुफू होता, वर बकऱ्याच्या मटणाचं तिखट सूप. भांडं एकच होतं. दोघं हात धुऊन बसले. नानांनी गोळा तोडला, तो जरा मोठाच होता, आणि अडाईने त्यांना तसं सांगितलं. प्रेको उठला, आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यात बसून घोरायला लागला.